सर्किट चालत नाही? आधी व्होल्टेज मोजा, मग लिहा

या महिन्यात इलेक्ट्रिकलच्या पोरापोरींचे प्रश्न ढिगाने आलेत, सबमिशन तोंडावर आलं की असंच होतं. बऱ्याच पत्रांत मात्र एकच वाक्य, "मॅडम, सर्किट चालत नाहीये, काय करू?" आता चालत नाही म्हणजे नेमकं काय होतंय, सप्लाय येतोय का, किती येतोय, कुठल्या पॉइंटपर्यंत येतोय आणि कुठे गायब होतोय, आयसी गरम आहे का थंड, यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर मी इथे बसून काय सांगणार? म्हणून ज्यांनी रीडिंग दिलीत त्यांची उत्तरं आधी घेतलीत. बाकीच्यांनी रागावू नका, मीटर लावून परत लिहा, तुमचीही घेईन.

प्रश्न : मॅडम, मिनी प्रोजेक्टला ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय केलाय. ०-१२ चा १ अँपिअर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ रेग्युलेटर आयसी. नुसतं मीटर लावलं की बरोब्बर ५ व्होल्ट. पण अर्ध्या अँपिअरचा लोड लावला की थोड्या वेळाने व्होल्टेज पडतं, मग आपोआप येतं, परत पडतं. आयसी बदलून बघितला तरी तेच. दुकानदार म्हणतो आयसी ड्युप्लिकेट असेल. हात लावला तर चटका बसतो. (डिप्लोमा दुसरं वर्ष, सोलापूर)

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. आयसीला दोष देऊ नकोस, तो स्वतःला वाचवतोय. ७८०५ च्या आत थर्मल शटडाउन असतं, फार तापला की तो आउटपुट बंद करतो, जरा गार झाला की परत चालू. तू जे पडतं-येतं म्हणतोयस ते हेच.

आता तो का तापतो ते बघ. १२ व्होल्ट हे आरएमएस आहेत, कपॅसिटर पीकला चार्ज होतो, म्हणजे १२ गुणिले १.४१४, जवळजवळ १७ व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड चालू असतात, त्यांचे १.४ गेले, राहिले साधारण १५.६. अर्ध्या अँपिअरला १००० मायक्रोफॅरडवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची वरखाली, किती? करंट भागिले १०० हर्ट्झ गुणिले कपॅसिटन्स, म्हणजे ०.५ भागिले ०.१, आले ५ व्होल्ट. म्हणजे ७८०५ च्या इनपुटला १५.६ ते १०.६ असं वरखाली चाललंय, सरासरी धर १३. त्यातले ५ बाहेर जातात, उरलेले ८ व्होल्ट आयसीत अडकतात. ८ गुणिले ०.५, ४ वॅट उष्णता. हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० पॅकेजला दर वॅटला ६५ डिग्रीच्या आसपास तापमान चढतं, म्हणजे हिशोबाने २६० डिग्री, आणि वर सोलापूरचा उन्हाळा. तो बंद पडणारच.

उपाय साधा आहे. ०-९ चा ट्रान्सफॉर्मर घे आणि कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लाव. मग इनपुट ९ ते ११ च्या मध्ये राहील (७८०५ ला कमीत कमी ७ तरी लागतात, ते मिळतात) आणि लॉस अडीच वॅटच्या आसपास येईल. तरीही हीटसिंक हवाच, थर्मल पेस्ट लावून स्क्रू घट्ट कर. ०-६ चा ट्रान्सफॉर्मर घ्यायच्या मोहात पडू नकोस, तिथे रिपलच्या तळाला ७ च्या खाली जाशील. आणि हो, पुढे कधी ७९०५ वापरलास तर त्याचा मागचा पत्रा ग्राउंड नसतो, इनपुट असतो, दोन्ही आयसी एकाच हीटसिंकवर मायका न घालता कसलेस तर शॉर्ट.

रिपोर्टमध्ये हा सगळा हिशोब लिही, "बिघडला आणि असा शोधला" हे पानच एक्स्टर्नलला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना, सगळ्यात जास्त आवडतं.

प्रश्न : प्रॅक्टिकलला रिओस्टॅट आणि कॉइल सिरीजमध्ये लावली होती. डिमरस्टॅटने ११५ व्होल्ट दिले, करंट २.१४ अँपिअर. रिओस्टॅटवर ६४ व्होल्ट, कॉइलवर ८६. बेरीज १५० येते, ११५ का नाही? सर म्हणाले फेजर ॲडिशन कर. ६४ चा वर्ग अधिक ८६ चा वर्ग, त्याचं मूळ काढलं तर १०७ आलं. तेही ११५ नाही. मग आम्ही सगळ्यांनी रीडिंग बदलून ११५ आणलं. (डिप्लोमा पहिलं वर्ष, नांदेड)

उत्तर : रीडिंग बदललंत तेवढं वाईट केलंत गं, कारण तुमचं रीडिंग बरोबर होतं आणि पुस्तकातल्या गणितापेक्षा जास्त काही सांगत होतं.

एसीमध्ये रेझिस्टरचं व्होल्टेज करंटच्या सोबत चालतं आणि शुद्ध इंडक्टरचं करंटच्या ९० डिग्री पुढे. दोन्ही एकाच वेळी पीकला पोचत नाहीत म्हणून साधी बेरीज चालत नाही, इथपर्यंत तुला कळलंय. पण वर्ग करून बेरीज करायची ती दोघांत बरोबर ९० चा कोन असेल तरच. तुमची कॉइल तांब्याच्या तारेची, तिला स्वतःचा रेझिस्टन्स आहे, म्हणून तिचं व्होल्टेज ९० च्या थोडं अलीकडे येतं. १०७ आणि ११५ मधला जो फरक आहे ना, तो त्या रेझिस्टन्समुळे पडलाय.

तो काढूनच बघ. ११५ चा वर्ग १३२२५. ६४ आणि ८६ च्या वर्गांची बेरीज ११४९२. फरक १७३३. हा फरक म्हणजे २ गुणिले ६४ गुणिले ८६ गुणिले कॉस थीटा. त्यातून कॉस थीटा आला ०.१५७, हा कॉइलचा पॉवर फॅक्टर. कॉइलचा इम्पिडन्स ८६ भागिले २.१४, म्हणजे ४०.२ ओहम. त्याला ०.१५७ ने गुणलं की ६.३ ओहम, हा झाला कॉइलचा रेझिस्टन्स. यालाच थ्री व्होल्टमीटर मेथड म्हणतात, पुढच्या वर्षी वॅटमीटर न लावता पॉवर मोजायला हीच शिकवतील, तुम्ही ती नकळत करून बसलात!

सप्लाय बंद करून, कॉइल सर्किटमधून सोडवून मल्टीमीटरने ओहम मोज. लोखंडी कोअर असेल तर मीटरवर ६.३ पेक्षा थोडं कमी दिसेल, कारण एसीला कोअर लॉसही त्यात मिसळतो. जर्नलमध्ये खरी रीडिंग परत लिही आणि खाली हा हिशोब. सरांना दाखव, ओरडणार नाहीत.

प्रश्न : स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये स्टारला व्होल्टेज रूट थ्रीने कमी होतं, मग लाइन करंट एक तृतीयांश कसा होतो? पाठ केलंय पण पटत नाही. (बीई दुसरं वर्ष, अमरावती)

उत्तर : पटत नसेल तर आकडे घाल. सप्लाय ४०० व्होल्ट, मोटरच्या एका वाइंडिंगचा स्टार्टिंगचा इम्पिडन्स ४० ओहम धर. डेल्टात वाइंडिंगवर पूर्ण ४००, वाइंडिंगमध्ये १० अँपिअर, पण लाइनवर दोन वाइंडिंगचा करंट मिळतो म्हणून १७.३ अँपिअर. स्टारमध्ये वाइंडिंगवर २३१ व्होल्ट, करंट ५.७७, आणि स्टारमध्ये लाइनचा करंट तोच वाइंडिंगचा. १७.३ भागिले ५.७७, तीन. म्हणजे एक रूट थ्री व्होल्टेज कमी झालं म्हणून आणि दुसरा रूट थ्री डेल्टाची लाइन-फेज भानगड गेली म्हणून.

टॉर्क व्होल्टेजच्या वर्गावर जातो, त्यामुळे तोही एक तृतीयांश होतो, म्हणून सुरुवातीलाच जड लोड असलेल्या मशिनला हा स्टार्टर चालत नाही. व्हायव्हात पुढचा प्रश्न हाच येतो.

प्रश्न : नेटवर्क ॲनालिसिसची असाइनमेंट एआयला विचारून करतो. पण तेच गणित दोनदा विचारलं की कधीकधी दोन वेगळी उत्तरं येतात. कुठलं खरं ते कसं ओळखायचं? आणि डिपेंडंट सोर्स असेल तर थेवेनिनचा रेझिस्टन्स काढताना तो बंद करायचा का? (बीटेक दुसरं वर्ष, पुणे)

उत्तर : आधी दुसऱ्याचं उत्तर. डिपेंडंट सोर्स कधीच बंद करायचा नाही, तो सर्किटमधल्याच कुठल्या तरी करंटवर किंवा व्होल्टेजवर चालतो. फक्त इंडिपेंडंट सोर्स बंद करायचे, टर्मिनलला १ अँपिअरचा टेस्ट सोर्स लावायचा, तिथे जितके व्होल्ट येतील तितके ओहम. उत्तर कधी निगेटिव्ह आलं तर घाबरू नकोस, डिपेंडंट सोर्स असताना येऊ शकतं.

आता पहिलं. उत्तर कोणी दिलं, एआयने, सिनियरने का गाइडने, याने फरक पडत नाही, ते तपासायची रीत तुझ्या हातात पाहिजे. सगळ्यात पक्की रीत म्हणजे पॉवर बॅलन्स. समज १२ व्होल्टचा सोर्स, सिरीजमध्ये ४ ओहम, पुढे ६ आणि ३ ओहम पॅरललमध्ये. करंट आला २ अँपिअर, पुढच्या दोन फांद्यांत ०.६७ आणि १.३३. सोर्स देतो २४ वॅट. ४ ओहममध्ये गेले १६, ६ ओहममध्ये २.६७, ३ ओहममध्ये ५.३३. बेरीज २४. जुळलं, उत्तर बरोबर. जुळलं नाही तर कितीही सुंदर स्टेप्स लिहिलेल्या असोत, चूक. मोठं सर्किट असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा फॉलस्टॅडचा सिम्युलेटर आहे, फुकट आहे, त्यात काढून करंट बघ. एलटीस्पाइसही फुकट आहे, पण त्याला हात बसायला वेळ लागतो.

आणि एक मनापासून सांगते, निदान दर युनिटची दोन गणितं स्वतःच्या हाताने कर, कोणाला न विचारता. पेपरला आणि पुढे साइटवर तू एकटाच असणार आहेस.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे, म्हणून फायनल इयरला ऑटोमॅटिक ठिबकचं प्रोजेक्ट घेतलंय. ईएसपी३२ (वायफाय असलेला कंट्रोलर बोर्ड), मातीचा ओलावा मोजणारा दोन दात्यांचा सेन्सर, ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल, १२ व्होल्टचा छोटा पंप. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या एकाच ॲडॉप्टरवर सगळं, बोर्डला बक मॉड्यूलमधून ५ व्होल्ट. दोन प्रॉब्लेम आहेत. सेन्सर जीपीआयओ २७ ला आहे, साध्या कोडमध्ये छान रीडिंग देतो पण वायफायचा कोड टाकला की रीडिंग येतच नाही. आणि पंप चालू झाला की बोर्ड रीसेट होतो, सिरीयल मॉनिटरवर ब्राउनआउट असं काहीतरी येतं. (बीई शेवटचं वर्ष, तासगाव)

उत्तर : शाब्बास, पिन नंबरसकट लिहिलंस म्हणून लगेच सांगता येतंय. ईएसपी३२ मध्ये दोन एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारे भाग, आहेत. ३२ ते ३९ या पिना एडीसी एकवर, आणि ०, २, ४, १२ ते १५, २५ ते २७ या एडीसी दोनवर. वायफाय चालू असताना एडीसी दोन वायफायकडे अडकलेला असतो, तुला मिळत नाही. तुझी २७ त्यातली. सेन्सरची वायर ३४ ला लाव, कोडमध्ये नंबर बदल, पहिला प्रॉब्लेम संपला. सेन्सर ३.३ व्होल्टवर चालव, ५ वर नको, पिनला ३.३ च्या वर सहन होत नाही.

दुसरा सप्लायचा आहे. मोटर उभी असताना तिच्यात बॅक ईएमएफ नसतं, त्यामुळे सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, १ अँपिअरचा ॲडॉप्टर तेवढ्यात दबतो, १२ चे क्षणभर ५-६ होतात, बक मॉड्यूलकडून ५ येत नाहीत, बोर्डचं व्होल्टेज पडतं आणि ब्राउनआउट डिटेक्टर रीसेट मारतो. मल्टीमीटरवर हे दिसणार नाही, तो फार हळू आहे, डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) सिंगल ट्रिगरला लावून १२ व्होल्टची लाइन बघ, खड्डा स्पष्ट दिसेल, आणि त्याचा फोटो रिपोर्टला टाक. पंपाला वेगळा ॲडॉप्टर दे, ग्राउंड जोडायची गरज फक्त जिथे खरंच आहे तिथेच ठेव. एकच ठेवायचा असेल तर ३ अँपिअरचा घे आणि बोर्डच्या ५ व्होल्टला जवळच १००० मायक्रोफॅरड लाव. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ उलटा लाव, पट्टीची बाजू प्लसला. तो नसेल तर पंप बंद होताना स्पाइक येतो आणि रिलेचे काँटॅक्ट जळतात.

आता बागेचं. दोन दात्यांचा तो रेझिस्टिव्ह सेन्सर टेबलावर ठीक आहे, शेतात नाही. सतत डीसी दिलं की त्याचे दाते गंजतात. त्यातून तुम्ही ठिबकमधून खत सोडता, पाण्यात क्षार वाढले की माती तेवढीच ओली असून सेन्सरला जास्त ओली वाटते. कपॅसिटिव्ह सेन्सर घे, त्यालाही क्षारांचा थोडा फरक पडतो पण खूपच कमी. कॅलिब्रेशन नेटवरच्या आकड्यांवर करू नकोस, तुमच्याच बागेतली माती घे, एक डबा वाळवून, एक पाणी घालून निथळू देऊन, दोन्हीची रीडिंग लिहून ठेव. काळी जमीन वाळताना भेगाळते आणि सेन्सरभोवती फट पडली की तो हवा मोजत बसतो, त्यामुळे बसवताना माती नीट दाबून घे.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेव. रिलेवर १० अँपिअर छापलंय म्हणून विहिरीवरची ५ एचपीची थ्री फेज मोटर त्यावर कधीही जोडायची नाही. ती चालतानाच ७-८ अँपिअर घेते, सुरू होताना साधारण सहापट. रिलेने फक्त स्टार्टरमधल्या काँटॅक्टरची कॉइल चालवायची, मोटरचा करंट काँटॅक्टरमधूनच गेला पाहिजे, ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर जागच्या जागी ठेवून. ते काम लायसन्स असलेल्या वायरमनसोबतच कर. हे प्रोजेक्ट बागेत खरंच चालावं असं मला फार वाटतं, काय झालं ते कळव.

प्रश्न : आम्ही चौघं ग्रुपमध्ये आहोत. तिघं म्हणतात तपकीर गल्लीत जाऊन रेडीमेड प्रोजेक्ट आणू, रिपोर्टपण सोबत मिळतो. मला ते बरोबर वाटत नाही पण एकटी पडलेय. (डिप्लोमा तिसरं वर्ष, पुणे)

उत्तर : तुला बरोबर वाटत नाही तेच बरोबर आहे. तपकीर गल्लीत जरूर जा, मुंबईचे असतात ते लॅमिंग्टन रोडला जातात, पण पार्ट आणायला. विकतच्या मॉडेलची अडचण पहिल्या पाच मिनिटांत दिसते. एक्स्टर्नल एका एलईडीकडे बोट दाखवून विचारतात, इथे २२० ओहमच का? ज्याने सोल्डर केलंय तो सांगतो, ५ व्होल्टमधून एलईडीचे २ गेले, ३ भागिले २२०, साधारण १४ मिलिअँपिअर, एलईडीला पुरतात आणि पिनलाही झेपतात. बाकीचे एकमेकांकडे बघतात.

ग्रुपशी भांडू नकोस, त्यांना भीती आहे ती मोठं काही जमणार नाही याची, तर छोटं घ्या. पंखा, ट्यूबची जुनी चोक, तीन-चार वेगवेगळे एलईडी बल्ब, यांचा पॉवर फॅक्टर मोजा, मग चोकला योग्य कपॅसिटर लावून तो किती सुधारतो ते आधी गणिताने आणि मग मीटरने दाखवा. खर्च फारसा नाही, बहुतेक सामान लॅबमध्येच मिळेल. चौघांनी चार कामं वाटून घ्या, सोल्डरिंग तू घे.

प्रश्न : ट्रायॅक डिमरचा वेव्हफॉर्म बघायला डीएसओचा प्रोब लावला तर ठिणगी उडाली आणि आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप झाली. मित्र म्हणतो डीएसओच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, मग होत नाही. करू का? (बीई तिसरं वर्ष, नाशिक)

उत्तर : नाही. अजिबात करू नकोस आणि त्या मित्रालाही आजच सांग.

प्रोबची जी मगर क्लिप असते ती डीएसओच्या आतून सरळ बॉडीला आणि बॉडी प्लगमधून अर्थला जोडलेली असते. तू ती क्लिप फेजला लावलीस म्हणजे फेज अर्थला शॉर्ट केलास. अर्थची पिन काढली तर ठिणगी उडणार नाही हे खरं, कारण आता डीएसओची अख्खी बॉडी २३० व्होल्टवर जाऊन बसेल, बीएनसी कनेक्टरसकट, आणि पुढचा माणूस नॉब फिरवायला हात लावेल. तेव्हा करंट त्याच्या अंगातून जाणार आणि वाचवायला फक्त ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, तीही असली आणि चालू असली तर.

लॅबमध्ये डिफरन्शियल प्रोब असेल तर तो माग, बहुतेक कपाटात कुलपात असतो, हक्काने माग. नसेल तर १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर डिमरच्या आधी लाव, डिमरच्या, डीएसओच्या नाही, डीएसओ अर्थलाच राहू दे. प्रोब १०एक्सवर ठेव आणि त्यावर छापलेलं रेटिंग आधी वाच, २३० चा पीक ३२५ व्होल्ट असतो. आयसोलेशन असलं तरी दोन टोकांना दोन हात लावले तर शॉक बसतोच, म्हणून वायरी लावताना-काढताना सप्लाय बंद, आणि खोलीत कोणीतरी सोबत हवं.

प्रश्न : पहिला मल्टीमीटर कोणता घेऊ? बजेट कमी आहे. (आयटीआय इलेक्ट्रिशियन, चंद्रपूर)

उत्तर : कंपनीपेक्षा दोन गोष्टी बघ. घरच्या वायरिंगवर आणि पॅनेलवर काम करणार असशील तर मीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट हे सुरक्षेचं रेटिंग लिहिलेलं हवं, आणि १० अँपिअरच्या जॅकला फ्यूज हवा. अगदी स्वस्त मीटरवर तिथे "अनफ्यूज्ड" असंच छापलेलं असतं, तो मेन्सवर वापरू नकोस, बॅटरी आणि ब्रेडबोर्डला ठेव. लीडचं इन्सुलेशन वाकवून बघ, तडा दिसला तर बदलून घे. आणि करंट मोजून झालं की लाल लीड त्याच क्षणी अँपिअरच्या जॅकमधून काढून व्होल्टच्या जॅकमध्ये लाव, नाहीतर पुढच्या वेळी २३० मोजायला जाशील आणि मीटरमधूनच शॉर्ट होईल.